नाणेघाटाची जकात

जुन्नर,
श्रावण वद्य पंचमी

चि. वसंत यास अनेक उत्तम आशीर्वाद.

नाणेघाटात धुक्याखेरीज पाहण्यासारखे आहे तरी काय, असे तू मागील पत्रात विचारले होतेस. परवा घाटघरच्या पठारावरून माथ्यावर गेलो, तेव्हा पहिला तासभर धुक्याने तुझीच बाजू घेतली. मग वारा सुटला, जीवधनचा कडा उघडा पडला आणि खाली सारे कोकण भाताच्या खाचरांसह दृष्टीस आले.

माथ्याच्या जरा खाली ती प्रसिद्ध लेणी आहे. तिच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत व प्राकृत भाषेत सातवाहनांची राणी नागनिका हिचा लेख आहे. अश्वमेध, राजसूय इत्यादी यज्ञ आणि त्यांतील दक्षिणा यांची ती जणू खतावणीच असून, एका यज्ञाच्या दक्षिणेत 1,700 गायी व 10 हत्ती दिल्याची नोंद आहे. आणि हे आकडे लिहिण्यासाठी कोरलेली चिन्हे भारतातील अतिप्राचीन अंकचिन्हांत गणली जातात. मागील भिंतीवर सिमुक, शातकर्णी, नागनिका आदींच्या प्रतिमा होत्या. आज वर नावे आहेत, खाली पावलांच्या खुणा आहेत. मधले राजवैभव कालौघात गळून गेले.

परंतु माझे मन रेंगाळले ते घाटाच्या तोंडाशी असलेल्या दगडी रांजणापाशी. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतला माल पाठीवर घेऊन, कातळात खोदलेली ही वाट चढून जुन्नरकडे व पुढे प्रतिष्ठानकडे जाणारे तांडे याच रांजणात जकातीची नाणी टाकीत, असे परंपरा सांगते. लेण्यात खर्चाचा तपशील अक्षरबद्ध झाला. जमेच्या बाजूला मात्र एकाही बैलवाल्याचे नाव नाही. ज्यांच्या श्रमावर घाटाची वहिवाट चालली, त्यांचा दस्तऐवज म्हणजे पायऱ्यांची झीज! ती वाचावयास लिपी यावी लागत नाही.

रांजणात आता पावसाचे पाणी साठते. दिवाळीच्या सुटीत अवश्य ये. मात्र जुन्नरहून आयता माथा गाठू नकोस, वैशाखऱ्याकडून पायी चढून ये. चढणीवर लागेल ती धाप, एवढीच आता त्या घाटाची जकात उरली आहे, आणि ती बुडवू नये.

कळावे, हे आशीर्वाद.

तुझा,
काका