गादीखालचं काम

गादी घ्यायला गेलेला माणूस दुकानात ती दहा ठिकाणी दाबून बघतो, काठावर बसतो, दुकानदार नको म्हणाला तरी आडवा होतो. तिच्याखाली काय घालायचं ते मात्र मला फोनवर उरकतो, "भाऊ, एकोणीस एमएमचा प्लाय टाकून द्या, झालं." जाड प्लाय म्हणजे भक्कम पलंग, हे बालाघाट जिल्ह्यातल्या आमच्या बिरशात ठरूनच गेलेलं आहे.

प्लाय मोडत नाही, हे खरं. पण तो दबतही नाही. कुशीवर झोपल्यावर खांदा आणि खुबा जरा खाली जायला हवेत आणि कंबरेला खालून टेका मिळायला हवा. गादी पातळ असली की खुबा थेट फळीवर येतो. शिवाय खाली पेटी केली की हवा कोंडते. पावसाळा संपल्यावर अशा पलंगावरची काथ्याची गादी उचलून बघा, खालच्या कापडावर काळे ठिपके दिसतील. प्लायच घालायचा हट्ट असेल तर मी वीत-वीत अंतरावर भोकं पाडून देतो. गिऱ्हाईक कुरकुरतं, "नवा माल भोकं पाडून देता काय जी?"

खाटेला या दोन्ही अडचणी कधी नव्हत्या. चौदाव्या शतकात आलेल्या इब्न बतूतानं हिंदुस्थानातल्या खाटेबद्दल लिहून ठेवलंय की ती एकटा माणूस उचलून नेतो आणि तिला मऊ करायला वर काही घालावं लागत नाही, ती मुळातच लवते. खाट विणणारा पायथ्याशी वीतभर जागा विणीशिवाय सोडतो आणि तिथं जाड दोरी ओवतो. झोळ पडला की तेवढी दोरी सोडायची, एक पाय गात्याला लावून एकेक फेरा ओढायचा, की सगळी वीण वर येते. युरोपातल्या महागड्या पलंगांत कंबरेखालच्या पट्ट्यांवर सरकणारे खटके असतात, ते सरकवून ताण कमीजास्त करतात. युक्ती त्याच घरातली.

पण खाटेवर फोमची किंवा काथ्याची गादी टाकू नये. खाटेला कापसाची गादी आणि गोधडी शोभते, कारण ती विणीबरोबर वाकते. काथ्याची ताठ गादी झोळावर मधोमध मोडते आणि मग पुन्हा सरळ होत नाही.

म्हणून मधला मार्ग पट्ट्यांचा. वर किंचित फुगवटा असलेल्या, लाकडाचे पातळ थर चिकटवून केलेल्या पट्ट्या आता मोठ्या शहरांतून मागवता येतात. मलाजखंडच्या खाणीच्या वसाहतीतलं एखादं बदलीवालं कुटुंब तसा पलंग घेऊन येतं आणि तुटलेली पट्टी दाखवून विचारतं, इथं मिळेल का? तशीच मिळत नाही, पण बालाघाटच्या जंगलात लवणाऱ्या लाकडाला तोटा नाही. कावडीच्या दांड्याला चालते ती धामण इथंही चालते. मानवेल बांबू तर जवळपास भरीव असतो. हिवाळ्यात तोडलेला, पाण्यात मुरवून सावलीत वाळवलेला बांबू घ्यायचा, नाहीतर वर्षात भुंगा पीठ पाडतो. उभा चिरून सालीची पाठ खाली ठेवायची. भार आला की पट्टीची खालची बाजू ताणली जाते, आणि बांबूचे घट्ट तंतू सालीलगतच असतात. टोकांखाली सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे घातले की रात्री कूस बदलताना करकर होत नाही.

दोन पट्ट्यांत अडीच-तीन इंचांहून जास्त फट नको, फोम त्यात उतरतो. डबल बेडला मधोमध उभा दांडा हवा आणि त्या दांड्याला जमिनीला टेकणारा पाय. तो पाय गाळून पैसे वाचवू पाहणारे पुष्कळ. वर्षभरात नवरा-बायको दोघंही मधल्या खळग्यात गडगडतात. आणि गादीच स्प्रिंगची असेल तर पट्ट्या जाड, जवळजवळ ताठ घ्याव्यात. खाली-वर दोन्हीकडे झोके मिळाले तर झोप लागत नाही.

यावर म्हातारी मंडळी हटकून सांगतात, "कंबर धरली की फळीवर निजावं, डॉक्टरच सांगतात." २००३ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधल्या संशोधकांचं काम छापून आलं होतं. जुनाट कंबरदुखीच्या ३१३ जणांना त्यांनी ९० दिवस कडक किंवा मध्यम कडक गादीवर झोपवलं. मध्यम गादीवाल्यांचा त्रास जास्त कमी झाला. तो अभ्यास गादीचा, तळाचा नव्हे, हे मी सांगून टाकतो. तरी फळीचा आग्रह त्यानंतर माझ्याच्यानं होत नाही.

माप घेताना मी आधी वजन विचारतो, मग कुशीवर निजता की पाठीवर ते. बायका हसतात, पुरुष चिडतात. एवढं होऊन शेवटी सगळ्यांचा प्रश्न एकच, "पट्ट्या लावल्या तर खाली रजया कुठं ठेवायच्या?" मी कोपऱ्यातल्या टिनाच्या पेटीकडे बोट दाखवतो. निम्मे लोक तरीही प्लायच सांगून जातात.