माइकराव

जालना जिल्ह्यात कुठंही कविसंमेलन असो, अध्यक्ष उशिरा येतात, प्रमुख पाहुणे त्याहून उशिरा येतात. माइकराव मात्र दुपारीच येऊन उभे असतात. छोटा हत्ती टेम्पो मंडपाच्या मागं लागतो, त्यातून दोन बॉक्स उतरतात, मिक्सर उतरतो, वायरींचं भेंडोळं उतरतं आणि शेवटी फडक्यात गुंडाळलेले माइकराव उतरतात. त्यांची ओळख करून देतो. कविता म्हणणाऱ्या माणसाला त्यांच्याशी जमवून घेतल्याशिवाय गत्यंतर नाही.

दिसायला तसे साधेच. उंची वीतभर, रंग काळा, डोक्याला जाळी. त्या जाळीला एका बाजूनं पोचा असतोच. कुठल्या तरी वरातीत पडल्याची ती खूण. मानेला पांढरी चिकटपट्टी आणि तिच्यावर स्केचपेननं डेकोरेशनवाल्याच्या नावाचं पहिलं अक्षर. घराणं मात्र मोठं. अमेरिकेतल्या शुअर कंपनीचा एसएम 58 हा त्यांचा सगळ्यात गाजलेला नातलग, जन्म 1966 चा. आपल्याकडं गावोगाव दिसते ती दिल्लीच्या अहुजांची शाखा. पोटात एक पातळ पडदा, त्याला चिकटलेलं तारेचं वेटोळं आणि लोहचुंबक, एवढाच संसार. पडदा आवाजानं थरथरतो, वेटोळं चुंबकापाशी हलतं आणि वीज तयार होते. म्हणजे कवीचा श्वास आधी विजेत बदलतो आणि मग शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचतो.

त्यांना उठवायची रीत ठरलेली आहे. ऑपरेटर डोक्यावर दोन टिचक्या मारतो, एक फुंकर घालतो आणि ‘हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग, वन टू थ्री’ म्हणतो. मग मंडपाच्या टोकाकडं बघून विचारतो, “माघं आवाज येऊ राहिला का?” तिकडून एखादं पोरगं हात वर करतं. एवढं झाल्याशिवाय माइकराव कुणाचा शब्द मनावर घेत नाहीत.

राग त्यांच्या नाकावर असतो. स्वतःचाच आवाज बॉक्समधून फिरून कानावर आलेला त्यांना अजिबात खपत नाही. असा आवाज परत आत शिरला की तो पुन्हा वाढून बाहेर पडतो, पुन्हा शिरतो, आणि माइकराव अशी शिट्टी मारतात की पहिल्या रांगेतली मंडळी कानांवर हात ठेवतात. जोशात येऊन जाळीलाच मूठ आवळणारा कवी दिसला की ते हमखास पेटतात. त्यांना मानेखाली धरावं, जाळी मोकळी ठेवावी आणि बॉक्सकडं त्यांचं तोंड करू नये. तीन पथ्यं पाळली की माणूस अगदी गरीब आहे.

अंतराच्या बाबतीत ते फार काटेकोर. चार बोटं दूर राहा, असं त्यांचं म्हणणं. अगदी ओठ टेकवले तर साध्या माणसाचाही आवाज घोगरा नि भारदस्त करून देतात. लांब गेलात तर ओळखच देत नाहीत. त्यातही प, फ, ब, भ या अक्षरांशी त्यांचं जुनं वाकडं. ओठ मिटून उघडताना निघालेली हवा थेट पडद्यावर आदळते आणि मंडपात ‘धप्प’ असा आवाज होतो. आता मराठवाड्याच्या कवितेचे लाडके शब्द आठवून बघा: पाऊस, पेरणी, पोळा, बैल, भाकर, बाप. सगळे नेमके ओठांवरचे! म्हणून मुरलेला कवी ‘बाप’ म्हणताना मान तसूभर वळवतो. श्रोत्यांना वाटतं, गहिवरला. गहिवर खरा असतोच, पण ती मान माइकरावांनी वळवलेली असते.

जातपात, पक्ष, पंथ त्यांना ठाऊक नाही. सकाळी हरिनाम सप्ताहात कीर्तनकारांपुढं, दुपारी सभेत पुढाऱ्यापुढं, संध्याकाळी लग्नात आहेराची यादी वाचणाऱ्या मामांपुढं आणि रात्री कवीपुढं. जालन्याचा हा भाग 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळं मुशायऱ्याचे रिवाजही इथं मुरलेले. ‘इर्शाद’ आणि ‘क्या बात है’ ही दाद मराठी कवितेलाही त्याच सहजतेनं मिळते. राय हरिश्चंद्र साहनी ‘दुःखी’ यांच्या नावानं कवितेचा राज्यस्तरीय पुरस्कार देणारं जालना हे शहर. स्टील आणि बियाण्यांच्या या गावाला कवितेचा कान आहे आणि त्या कानापर्यंत नेणारा वाटाड्या एकच.

माइकरावांना एक गर्व आहे, तो मात्र थोडा उतरवायला हवा. बोललेली कविता आपल्यामुळं जन्मली, असं त्यांना वाटतं. त्यांना एकदा घनसावंगी तालुक्यातल्या जांबला न्यावं. समर्थ रामदासांचा जन्म तिथला, 1608 चा. त्यांचे मनाचे श्लोक 205 आणि सगळे भुजंगप्रयात वृत्तात. चालता चालता, खड्या आवाजात, दारोदार म्हणता येतील असे. त्या वृत्ताची चाल पावलाला धरून पडते, म्हणून वाचता न येणाऱ्यांच्याही तोंडी ते राहिले. पुढं 1923 मध्ये पुण्यात रविकिरण मंडळ उभं राहिलं. यशवंत, गिरीश, माधव जूलियन ही मंडळी. त्यांनी काव्यगायनाची गोडी लावली. माइक नसताना दिवाणखाना भरायचा तर गळा लागायचा, चाल लागायची.

पण श्रेय द्यायचं ते द्यावंच. कवीला गाण्याकडून बोलण्याकडं आणलं ते माइकरावांनी. आवाज न चढवता शेवटच्या रांगेतल्या माणसाशी बोलता येतं, ही सोय त्यांची. विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगावकर या तिघांनी महाराष्ट्रभर काव्यवाचनं केली, तेव्हा कुजबूज, उपहास, मध्येच थांबणं हे सगळं कवितेचा भाग झालं. रामदास फुटाण्यांची वात्रटिका अर्ध्या सेकंदाच्या थांब्यावर उभी असते. शेजारच्या परभणीच्या इंद्रजित भालेरावांनी शेतशिवाराची बोली मंचावर आणली, तीही ओरडून नव्हे. तिकडं शिकागोत मार्क स्मिथ नावाच्या बांधकाम मजुरी केलेल्या कवीनं 1986 मध्ये ग्रीन मिल या क्लबात कवितेच्या स्पर्धा सुरू केल्या, श्रोत्यांतूनच परीक्षक निवडले आणि त्यांच्या हाती गुण दिले. माइकराव तिथंही मधोमध उभे होतेच.

त्यांचा खरा मोठेपणा कळतो तो स्वतंत्र कवीला. स्वतंत्र म्हणजे ज्याच्या मागं प्रकाशक नाही, विद्यापीठ नाही, गट नाही. दिवसा शाळेत शिकवतो, कारखान्यात पाळी करतो किंवा मोसंबीची बाग सांभाळतो. रात्री लिहितो. त्याची कविता तपासून देणारं कुणी नसतं. ते काम माइकराव करतात आणि निर्दयपणे करतात. कागदावर डौलदार दिसणारं लांबलचक वाक्य त्यांच्यापुढं आलं की मध्येच दम तुटतो. श्रोत्याला पान उलटून मागं जाता येत नाही, म्हणून एका ओळीत तीन प्रतिमा कोंबल्या की तिन्ही वाया जातात. जोडाक्षरांची आतषबाजी जाळीतच अडकते. आणि जी ओळ लिहिताना किरकोळ वाटली होती, तिच्यावर मंडप एकदम शांत होतो.

कवी हे सगळं घेऊन एसटीनं परत निघतो. अंबडहून जालन्याला येईतो दोन कडवी गळालेली असतात. पुढच्या खेपेला ती कविता अर्धी होऊन माइकरावांपुढं येते आणि पूर्ण वाटते. मंचावरच्या कवितेला हलकी समजणाऱ्यांनी ही छाटणी एकदा जवळून पाहावी. टाळ्यांसाठी लिहिलेली कविता टाळ्यांबरोबर संपते, हे खरं. पण कानासाठी लिहिलेली कविता ही वेगळी मेहनत आहे, आणि ती मेहनत करून घेणारा संपादक म्हणजे हे वीतभर गृहस्थ.

मोबाइलवरून वाचणाऱ्यांशी त्यांचं फारसं पटत नाही. डाव्या हातात फोन, अंगठा पडद्यावर. कवितेच्या ऐन वळणावर पडदा काळा होतो. कवी अंगठा घासत राहतो आणि माइकराव त्या घासण्याचाही आवाज सगळ्यांना ऐकवतात. वही घेऊन येणाऱ्याच्या पानांची सळसळही ते सोडत नाहीत. पाठ करून येणारा त्यांचा लाडका. त्याचे डोळे मोकळे असतात, तो समोरच्या माणसाकडं बघून बोलतो आणि कविता कधी थांबवायची ते त्याला चेहऱ्यांवरून कळतं.

एक व्यसन त्यांना आहे: एको. ऑर्केस्ट्रातल्या संगतीनं लागलेलं. “जरा एको वाढवा” असं एखाद्या कवीनं म्हटलं की ते खुशीत येतात आणि प्रत्येक शब्द दोनदा-तीनदा बोलू लागतात. गाण्याला ते शोभतं. कवितेत मात्र आधीच्या शब्दाची शेपटी पुढच्या शब्दावर पडते आणि ‘ळ’, ‘ण’ यांचा चेंदामेंदा होतो. ऑपरेटरजवळ जाऊन “दादा, एको बंद ठेवा” एवढं सांगणाऱ्या कवीची अर्धी लढाई मंचावर चढण्याआधीच जिंकलेली असते.

दुसरा दोष म्हणजे मोठ्यांपुढं त्यांची जरा ढिलाई. निवेदक आणि उद्घाटक कितीही वेळ बोलले तरी चकार शब्द काढत नाहीत. मैदान उघडं असेल तर रात्री 10 नंतर ध्वनिक्षेपक बंद, हा 2000 सालचा नियम. म्हणून साडेनऊला धावपळ सुरू होते आणि लांबून आलेल्या नव्या कवीला सांगितलं जातं, “एकच कविता, वेळेचं भान ठेवा.” त्या एका कवितेसाठी तो तीन तास प्रवास करून आलेला असतो. माइकरावांच्या भाड्याचं बिल ठरलेलं असतं आणि चुकतं होतं. कवीच्या हाती बऱ्याचदा शाल आणि श्रीफळ. ज्याच्यासाठी माइक आणला त्याचं गाडीभाडं तरी संयोजकांनी बिलात आधी धरावं. कविता फुकट होत नाही. तिला रात्री लागतात.

वीज गेली की माइकराव क्षणात मुके. जनरेटर सुरू होईपर्यंत मंडपात कुजबूज वाढते. कच्चा कवी गप्प उभा राहतो. पक्का कवी स्टँड बाजूला करतो, मंचाच्या कडेला येतो आणि पोटातून आवाज काढून सोडलेल्या ओळीपासून पुढं सुरू करतो. मागच्या खुर्च्या आपोआप पुढं सरकतात. वीज परत आली तरी काही जण म्हणतात, “असंच होऊ द्या.” माइकरावांचा गर्व तेव्हा उतरतो, आणि त्यांच्यापुढं इतकी वर्षं केलेली मेहनतही तेव्हाच दिसते: श्वास, थांबा, स्पष्ट उच्चार त्यांनीच तर घोटून घेतलेले.

आता घरात एक धाकटं पात्र आलं आहे, कॉलरचा माइक. नखाएवढं, सदऱ्याला चिमटलेलं. कवी बांधावर उभा राहतो, मित्र मोबाइलवर टिपतो आणि मंठ्याच्या कवीची ओळ संध्याकाळपर्यंत पुण्या-मुंबईत पोचते. हे भाग्य आधीच्या कवींना नव्हतं आणि त्याचा मनापासून आनंद व्हावा. फक्त या धाकट्यापुढं कुणी खाकरत नाही, कुणाची मान डोलत नाही, चुकलं तर पुन्हा घेता येतं. म्हणून मोबाइलवर नाव झालेल्यांनीही मधून मधून थोरल्यांपुढं उभं राहावं. डिसेंबर 2022 मध्ये घनसावंगीला मराठवाडा साहित्य संमेलन भरलं, अध्यक्ष शेषराव मोहिते. तालुक्याच्या गावी असे मंडप पडतात, तेव्हा नव्या पोरांना ही संधी दारात मिळते.

माइकरावांचा शेवटचा गुण सांगतो, तोच मला सगळ्यात प्यारा. त्यांना स्मरणशक्ती नाही. मागच्या वेळी किती टाळ्या पडल्या, कोणता पुरस्कार मिळाला, कुणी शिफारस केली, काही आठवत नाही. ज्येष्ठ कवी समोर येवो की परतूरची पहिल्यांदाच कविता म्हणणारी पोरगी, दोघांना ते सारखंच कोरं तोंड दाखवतात आणि पहिल्या ओळीची वाट बघतात. जिथं ओळख लागते, वशिला लागतो, अशा जागा खूप आहेत. ज्याच्याकडं फक्त कविता आहे, त्यानं इथं यावं. चार बोटं अंतर ठेवावं, एको बंद करायला सांगावं आणि सुरुवात करावी.