दहा आठवडे की पंधरा?



लेकीच्या लेकीला कॅलिफोर्नियात दोन ठिकाणी प्रवेश मिळालाय, रिव्हरसाइड आणि मर्सेड. दोन्ही युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचीच. लेकीने फी, खोली, घरापासूनचं अंतर असा तक्ता केला होता. मी म्हटलं, त्यात एक रकाना वाढव, वर्षाच्या वेळापत्रकाचा. बी.कॉम.ची सवय, दुसरं काय!

आमच्या वेळी जूनमध्ये कॉलेज आणि वर्षाच्या शेवटी एकच परीक्षा. आता आपल्याकडेही सेमिस्टर आलंय. तिकडे मात्र या विद्यापीठात पदवीला बर्कली आणि मर्सेड एवढ्या दोनच ठिकाणी सेमिस्टर. बाकी सगळीकडे क्वार्टर. सेमिस्टर साधारण १५ आठवड्यांचं, वर्षात दोन. क्वार्टर शिकवण्याचे १० आठवडे आणि मग परीक्षेचा आठवडा, असे वर्षात तीन. चौथा उन्हाळ्यातला, हवा तर घ्यायचा. पदवीला एकीकडे १८० युनिट्स आणि दुसरीकडे १२० बघून लेक दचकली. पण क्वार्टरची ३ युनिट्स म्हणजे सेमिस्टरची २. हिशेब तोच, माप वेगळं.

खरं सांगू, माझा जीव रिव्हरसाइडमध्ये अडकला होता. ते घराजवळ. शिवाय क्वार्टरचे वर्ग सप्टेंबरच्या शेवटाकडे सुरू होतात, म्हणजे बहुतेक वर्षी दशलक्षण पर्व घरीच. (अधिक मास आला की पर्व लांबतं, तेव्हा शेवटचे दिवस गाठीला गाठ.) मर्सेडचे वर्ग ऑगस्टअखेर सुरू होतात. पर्व ऐन वर्गांत, एकासन करायचं तरी हॉस्टेलच्या जेवणावर. पोरगी तीन वर्षं दहाही दिवस एकासन करते, आईने न सांगता.

पण तिला अर्धशिशी आहे. उठली की दोन-तीन दिवस अंधाऱ्या खोलीत पडून राहते. दहा आठवड्यांतला एक आठवडा गेला तर दहावा हिस्सा गेला. पंधरातला गेला तर पंधरावा. क्वार्टरमध्ये चौथ्या-पाचव्या आठवड्यालाच मध्यपरीक्षा येऊन उभी राहते, मागे पडलेलं भरून काढायला फुरसत कुठली? ज्या मुलांना झटपट आटपायची सवय आहे, त्यांना क्वार्टर छान. जास्त विषय चाखता येतात, आणि नावडता विषय दहा आठवड्यांत डोक्यावरून उतरतो. आमची मुलगी सावकाश शिकणारी आहे. सुरुवातीला काही कळत नाही म्हणते आणि शेवटी वर्गाला समजावून सांगते. तिला ते जास्तीचे पाच आठवडे हवेत.

आणखी एक. मर्सेडचं वर्ष मेच्या मध्यावर संपतं, रिव्हरसाइडचं जूनच्या मध्यावर. उन्हाळ्यातलं काम शोधताना तो महिना उपयोगी पडतो. मला मात्र त्यात आंब्याचे दिवस दिसले. मेमध्ये सुटली तर इकडे येऊन रस तरी खाईल!

१ मेपर्यंत होकार कळवायचा आहे. मी माझं मत दिलं, मर्सेड. लेक अजून अंतरावर अडली आहे. नात म्हणाली, "आजी, पर्वात रोज सकाळी फोन लावशील ना? पूजा तुझ्याबरोबर करेन." इथली रात्र असेल तेव्हा. मंदिरातून येऊन जागी राहीन.