शेवटची दोन शून्यं

सेकंड इयरची ओरल. जर्नलमध्ये फॅक्टोरियलचा प्रोग्रॅम आणि खाली ऐटीत चिकटवलेलं आउटपुट: १३ चं फॅक्टोरियल १९३२०५३५०४. एक्स्टर्नल सरांनी एक नजर टाकली आणि विचारलं, "शेवटची दोन शून्यं कुठं गेली?" मी गप्प. "अरे, १ ते १३ मध्ये ५ आहे, १० आहे. दोनदा पाचानं गुणलं, जोडीला २ आहेतच. शेवटी दोन शून्यं यायलाच हवीत!"

खरं उत्तर ६२२७०२०८००. माझं चुकीचं उत्तर मात्र इतकं साळसूद दिसत होतं, की सबमिशन होईपर्यंत मला शंकासुद्धा आली नव्हती!

रात्री मेसमधून आल्यावर शोधत बसलो. ३२ बिटांच्या 'इंट'मध्ये मावणारी सर्वांत मोठी संख्या २१४७४८३६४७, म्हणजे २ चा ३१ वा घात वजा १. उत्तर त्यापुढं गेलं की वरचे बिट गळून पडतात. झालं, माझं तेच झालं होतं! गंमत म्हणजे ही संख्या मूळ आहे. १६ बिटांची मर्यादा ३२७६७. तिला ७ नं भाग जातो. ६४ बिटांच्या मर्यादेलाही जातो, कारण १५ आणि ६३ या दोन्ही घातांकांना ३ नं भाग जातो, आणि २ चा घन वजा १ म्हणजे ७. ३१ हा घातांक स्वतः मूळ आहे. पण तेवढ्यानं भागत नाही. ११ सुद्धा मूळ, तरी २ चा ११ वा घात वजा १ म्हणजे २०४७, आणि ते होतात २३ गुणिले ८९!

मग हिचं मूळपण सिद्ध कुणी केलं? ऑयलरनं, १७७२ मध्ये. तेव्हा त्याची दृष्टी जवळजवळ गेलेली होती. सरळ मार्गानं जायचं तर ४६३४० पर्यंतच्या साडेचार हजारांवर मूळ संख्यांनी भागून पाहावं लागलं असतं. त्यानं आधी विचार केला, की भाजक असलाच तर तो कसा असेल? त्याला २४८ नं भागल्यावर बाकी १ किंवा ६३ च उरायला हवी. अशा संख्या उरतात फक्त ३७३, आणि त्यांतल्याही मूळ असतील तेवढ्याच तपासायच्या. एकीनंही भाग गेला नाही.

रूम पार्टनरनं पांघरुणातूनच विचारलं, "याचा उपयोग काय?" आहे ना! १ पासून सुरुवात करा, दर वेळी १६८०७ नं गुणा आणि या संख्येनं भागून बाकी घ्या. १ ते २१४७४८३६४६ मधली प्रत्येक संख्या एकेकदा येऊन गेल्याशिवाय एकही परत येत नाही. रँडम नंबर काढायची ही पद्धत १९८८ मध्ये पार्क आणि मिलर यांनी किमान दर्जा म्हणून सुचवली होती. भाजक मूळ नसता तर ही फेरी पूर्ण झाली नसती.

ऐकायला तो जागा नव्हता!

त्या ओरलला मार्क गेले ते गेलेच. पण सरांनी एकही गुणाकार न करता माझी चूक पकडली होती, हे डोक्यातून जात नाही. हल्ली प्रोग्रॅम रन करण्याआधी मी वहीच्या समासात पेन्सिलनं लिहून ठेवतो: उत्तर अंदाजे किती अंकी, सम की विषम, शेवटी शून्यं किती.