फळ्याचा वरचा भाग

दिवाळीनंतरच्या पहिल्याच तासाला पुढच्या बांकावरच्या एका मुलानें मला फार सालसपणें विचारलें, "सर, आपण फळ्याच्या वरच्या भागावर कधींच कां लिहीत नाहीं? मागच्या मुलांना खालचें दिसत नाहीं." मीं वळून पाहिलें. वरचा हातभर फळा कोरा करकरीत होता आणि माझीं अक्षरें खालीं दाटीवाटीनें बसलीं होतीं. थट्टेचें कांहीं उत्तर देऊन मी सुटलों. पण हात वर नेऊन पाहण्याचें धैर्य वर्गांत झालें नाहीं. तें मीं घरीं येऊन, दार लावून केलें. उजवा हात कानाशीं पोहोंचण्यापूर्वींच अडला.

खरें म्हणजे माझ्या शिंप्याला ही बातमी माझ्या आधींच कळली असावी. गेलीं कांहीं वर्षें तो माझ्या सदऱ्याची पाठ पुढच्या बाजूपेक्षां बोटभर लांब कापतो. बोलून मात्र त्यानें कधीं दाखविलें नाहीं. चांगल्या शिंप्याचा हा धर्मच आहे.

शेजारच्या घरची सून फिजिओथेरपिस्ट आहे. तिनें मला भिंतीकडे तोंड करून उभें केलें, पाठीवर बोट ठेवलें आणि म्हणाली, "काका, हे तुमचे खवाटे. यांची आठवण तुम्हांला शेवटची केव्हां झाली होती?" मग तिनें जें सांगितलें तें एखाद्या नेटक्या व्याख्यानासारखें होतें. खवाट्याचें त्रिकोणी पातें हाडानें धडाला जोडलेलें असतें तें केवळ पुढें, गळ्याखालच्या आडव्या हाडाच्या आधारानें. एरवीं स्नायूंनींच तें बरगड्यांवर तोलून धरलेलें असतें. हात पूर्ण वर न्यावयाचा म्हणजे 180 अंशांचा प्रवास. त्यांतले सुमारें 60 अंश खवाटा स्वतः फिरून देतो. पुस्तकावर आणि संगणकावर पोंक काढून बसणाऱ्याचें हें पातें पुढें कलतें, आणि कललेलें पातें पुरतें फिरत नाहीं.

'पोंक' हा शब्द ऐकला आणि नाना आठवले. नाना म्हणजे माझे वडील. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनीं ज्यांचा ध्यास घेतला होता ते सूर्यनमस्कार नाना रोज पहाटे घालीत, आणि वर जोर काढीत. मी पुस्तकावर वांकलेला दिसलों कीं म्हणत, "अरे, पुस्तक डोळ्यांकडे आण, डोळे पुस्तकाकडे काय नेतोस?" मला त्यांचा राग येई. वांकलेली पाठ ही विद्वत्तेची निशाणी आणि तालीम अडाण्यांची, अशी माझी पक्की समजूत होती. एकदां, ते जोर काढीत असतां, मीं ती त्यांना बोलूनहि दाखविली. त्यांनीं उत्तर दिलें नाहीं. राहिलेले जोर तेवढे पुरे केले.

"म्हणजे नाना म्हणत तेंच खरें," मी म्हणालों.

"अर्धेंच खरें, काका. ताठ बसल्यानें दुखणें टळतेंच असें संशोधनांत ठामपणें दिसत नाहीं. ताठ असो कीं वांकडी, एकाच बैठकींत तासन् तास राहणें वाईट. मधून मधून उठा."

मला थोडी निराशाच वाटली. मी पुऱ्या पश्चात्तापाच्या तयारीनें गेलों होतों. निम्मा तिनें परत केला.

दाराच्या चौकटीला दोन्ही हात टेकून छाती पुढें न्यावयाची, खवाटे एकमेकांकडे ओढून पांच आंकडे मोजावयाचे, हे प्रकार सोपे होते. तिसऱ्यानें मात्र मला घोळांत घेतलें. भिंतीवर तळवे टेकून छाती भिंतीजवळ न्यावयाची, मग लोटून परतावयाचें, आणि कोपर सरळ झाल्यावरहि आणखी थोडें लोटावयाचें. बरगड्यांवर करवतीच्या दांत्यांसारखा पसरलेला एक स्नायु आहे. हात वर जातांना खवाटा फिरविणाऱ्यांपैकीं तो एक मुख्य, आणि ही मेहनत त्याच्यासाठीं. चार दिवस ती निमूटपणें केल्यावर पांचव्या दिवशीं माझ्या ध्यानांत आलें, कीं हा नानांचा जोरच आहे, जमिनीवरून उचलून भिंतीला लावलेला!

नाना आतां नाहींत. सहा आठवडे झाले. काल मीं तारीख लिहिली ती फळ्याच्या वरच्या कडेपासून चार बोटें खालीं. पुढच्या बांकावरच्या त्या मुलाचें लक्ष नव्हतें. भिंतीवर रोज पंधरा निघतात. जमिनीवरचा एकच निघाला आहे, आणि त्या वेळीं घरांत कोणी नव्हतें.