अस्वस्थता कुठे नेते

साधकाने भावना आवरायच्या असतात, असे आपल्याकडे सर्रास सांगितले जाते. मला ते अर्धेच पटते. आमच्या वर्धा जिल्ह्यातलेच उदाहरण घेतो. गणितात रमणारे विनोबा भावे काही भावनेच्या भरात वाहून जाणारे नव्हेत. मार्च १९५१मध्ये ते सर्वोदय संमेलनासाठी पायी हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीला निघाले. पुढे १८ एप्रिलला तेलंगणातल्या पोचमपल्लीत दलित कुटुंबांनी ८० एकर जमीन मागितली आणि जमीनदार रामचंद्र रेड्डींनी तिथल्या तिथे १०० एकर देऊ केली. कुणीही त्या आनंदात निवांत झोपला असता. विनोबांना मात्र धड झोप लागली नाही. देशातल्या भूमिहीनांसाठी असेच मागायचे तर ५ कोटी एकर लागतील, हा हिशेब आणि एवढे मागण्याची धास्ती, दोन्ही मनात होती. ही धास्ती मला फार मोलाची वाटते. पवनारला धाम नदीच्या काठी त्यांच्या आश्रमात शेती होती, सूतकताई होती, चिंतनाला निवांतपणा होता. पण पुढची वाट सापडली ती या तळमळीत. दुसऱ्या दिवसापासून ते जमीन मागू लागले; तेच भूदान.

कुणी म्हणेल, दंगलीत धावणाऱ्यालाही आतून हाक येतेच. खरे आहे. किळसही आतूनच येते. महारोग्याला गावाबाहेर काढणाऱ्यांची किळस काही खोटी नव्हती. त्याच काळात सेवाग्रामात गांधीजी महारोग झालेल्या परचुरे शास्त्रींच्या अंगाला स्वतः मालिश करीत. मग कोणत्या भावनेचे ऐकायचे? तिची किंमत कोण मोजतो, हे मी पाहतो. किळसेची किंमत रोग्याने मोजली. करुणेची किंमत विनोबांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी. १९३६पासून दत्तपूरला रोग्यांची सेवा करण्यात त्यांनी आयुष्य वेचले. विनोबाही १३ वर्षे चालतच राहिले.

यावर भूदानाच्या अपयशाकडे बोट दाखवले जाते. ४० लाख एकरांहून अधिक जमीन मिळाली, पण त्यातली बरीच खडकाळ, पडीक निघाली, बरीच वाटलीच गेली नाही. हे मी नाकारत नाही. पण मोजणी, फेरफार, प्रत्यक्ष ताबा ही कामे एका रात्रीच्या तळमळीने होणारी नव्हती. भूमिहीनाचे नाव कागदावर चढून त्याचा नांगर शेतात उतरेपर्यंत ती तळमळ जिवंत ठेवणारी माणसे गावोगाव हवी होती, आणि तीच कमी पडली असे मला वाटते.