स्क्र्याबिनची पियानो-साधना

कलावंताचें तत्त्वज्ञान त्याच्या चरित्रांत किती दिसतें यापेक्षां तें त्याच्या कलेंत किती भिनलें, हा प्रश्न आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो. रचनेस ‘समाधि’ असें नांव दिल्यानें ती आध्यात्मिक होत नाहीं. स्वरांची मांडणीच बदलली, तर विचारानें कांहीं काम केलें असें म्हणतां येईल. या कसोटीस लावून पाहण्याजोगा रचनाकार म्हणजे रशियाचा आलेक्झांडर स्क्र्याबिन (१८७२–१९१५) होय.

तरुणपणीं तो शोपँच्या वाटेनें चालला होता. त्या काळचीं त्याचीं प्रेल्यूड नाजूक व आर्त आहेत. पुढें नीत्शेच्या विचारांनीं त्याचें मन पेटलें आणि १९०५ सालीं मॅडम ब्लाव्हाट्स्की यांचें थिऑसफीवरील पुस्तक त्याच्या वाचनांत आलें. याच बाईंनीं १८७९ सालीं मुंबईंत येऊन आपल्या मंडळाचें ठाणें दिलें होतें. तेव्हां येथील वेदान्ताचे शब्द, बरेच फिरून आणि बरेच बदलून, या रशियन वादकापर्यंत पोंचले असें म्हणण्यास हरकत नाहीं. जडाचें चैतन्यांत रूपांतर व्हावें आणि अखेर सर्व भेद एकांत विरून जावे, या कल्पनेनें त्याला झपाटलें.

आतां पियानोकडे वळूं. त्याचा तिसरा सोनाटा चार भागांचा, चौथा दोन भागांचा. १९०७ च्या पांचव्यापासून दहाव्यापर्यंत मात्र प्रत्येक सोनाटा एकाच अखंड भागाचा आहे. याहून खोल बदल स्वरसंवादांत झाला. विसंवादी स्वरसमूहानें अस्वस्थता निर्माण करावी व अखेर त्याला षड्जाच्या घरीं आणून शांत करावें, ही तिकडील जुनी रीत. स्क्र्याबिननें सा, तीव्र म, कोमल नि, ग, ध आणि रे असे सहा स्वर एकावर एक रचले, पंचम गाळला, आणि त्या पुंजाची घरीं परतण्याची ओढच काढून घेतली. तेच स्वर एकत्र वाजले कीं संवाद, एकामागून एक आले कीं चाल. एकाच रागांत तासभर रमणाऱ्या आपल्या श्रोत्यास हें चटकन् उमगेल. साम्य मात्र ऐकण्याच्या वृत्तीचें आहे, उगमाचें नव्हे.

१९१४ ची ‘ज्वालेकडे’ ही रचना ऐकावी. खालच्या सप्तकांत दबलेला एक लहानसा स्वरालाप सुरू होतो, हळूहळू वर चढतो, कंप पावतो, आणि शेवटीं सारा पियानो प्रकाशानें भरून जातो. येथें सिद्धांत सांगावा लागत नाहीं; तो बोटांखालीं घडत असतो.

हिमालयाच्या पायथ्याशीं सात दिवस चालणारा नाद, प्रकाश, नृत्य आणि गंध यांचा ‘मिस्टेरियम’ नांवाचा महोत्सव करावा व त्यानें जगाचें रूपांतर व्हावें, अशी त्याची आकांक्षा होती. एप्रिल १९१५ मध्यें ओठावरील एका फोडानें रक्त दूषित होऊन वयाच्या ४३ व्या वर्षीं तो वारला. महोत्सव अपुराच राहिला.

स्वरांनीं जग पालटेल, हें आम्हांसही पटत नाहीं. परंतु श्रद्धेस वेड म्हणून बाजूस सारावें आणि स्वर तेवढे ठेवून घ्यावे, हा व्यवहारही आम्हांस प्रामाणिक वाटत नाहीं. ती श्रद्धा नसती, तर घरीं न परतणारा तो स्वरपुंज ऐकण्याचें धैर्य त्याला कोठून आलें असतें? वाचकांनीं त्याचें एखादें आरंभींचें प्रेल्यूड व नंतर ‘ज्वालेकडे’ अशीं दोन्हीं लागोपाठ ऐकावीं, आणि निर्णय आपल्या कानांवर सोंपवावा.